ब्रिटिश आरमारी आत्मचरित्रे : डेकवरचे कर्तृत्व आणि डेकखालचे श्रम

कर्तबगार माणसाचे आत्मचरित्र वाचताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : हा माणूस इतका वर कसा चढला? त्याने किती कष्ट घेतले, कोणती संकटे झेलली, कोणत्या क्षणी धैर्य दाखवले? दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या शिडीने तो चढला, तिच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती? पहिला प्रश्न चरित्रनायकाचा आहे, दुसरा समाजाचा. पहिल्याचे उत्तर लेखक तपशीलवार देतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या नकळत पानोपानी सांडलेले असते. ते वेचणे हे समीक्षेचे काम आहे.

या दृष्टीने वाफेच्या युगातील ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे मुद्दाम वाचण्याजोगी आहेत. १८६० साली ‘वॉरियर’ ही चिलखती युद्धनौका पाण्यात उतरली, १९०६ साली ‘ड्रेडनॉट’ आली आणि १९१६ साली जटलंडची लढाई झाली. या अर्धशतकात जगातले सर्वांत बलाढ्य आरमार ज्यांनी चालवले, त्यांपैकी अनेकांनी पुढे लेखणी हाती घेतली. लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांच्या आठवणी १९१४ साली आल्या. लॉर्ड फिशर यांची ‘मेमरीज’ आणि ‘रेकॉर्ड्स’ ही दोन पुस्तके व सर पर्सी स्कॉट यांचे ‘फिफ्टी इयर्स इन द रॉयल नेव्ही’ १९१९ साली निघाले. केनेथ ड्यूअर यांचे ‘द नेव्ही फ्रॉम विदिन’ १९३९ सालचे. यांच्यात आपसात कडाक्याची भांडणे आहेत. पण एका गोष्टीवर बहुतेकांचे एकमत दिसते. आरमारात माणूस गुणावर चढतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

या श्रद्धेला वरवर पाहता आधारही आहे. इंग्रजी लष्कराच्या पायदळात आणि घोडदळात अधिकारपदे पैसे मोजून विकत घेता येत. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. आरमारात पद विकत घेण्याची रीत कधीच नव्हती. परीक्षा होत्या, समुद्रावरील सेवेची अट होती, जहाज बुडाले तर कप्तानाला लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागे. म्हणून ‘लष्कर श्रीमंतांचे, आरमार गुणवंतांचे’ असा समज रूढ झाला. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी आपण आरमाराच्या सर्वांत गुणी आणि सर्वांत बंडखोर माणसापासूनच सुरुवात करू.

१

जॉन फिशर १८४१ साली सिलोनमध्ये, रंबोडा येथे जन्मला. बाप इंग्रजी सैन्यातला कप्तान, पुढे कॉफीचा मळेवाला. घरात पोरे पुष्कळ आणि पैसा तुटपुंजा. तेराव्या वर्षी, १८५४ साली, फिशर आरमारात दाखल झाला आणि ‘कलकत्ता’ या जहाजावर गेला. हे सागवानी जहाज १८३१ साली मुंबईच्या गोदीत बांधलेले होते. पुढच्या पन्नास वर्षांत हा मुलगा ब्रिटिश आरमाराचा सर्वोच्च अधिकारी झाला. आपण आरमारात आलो ते कफल्लक, एकाकी आणि निराधार असे आलो, हे फिशरने पुनःपुन्हा सांगितले आहे. त्याच्या चरित्रकारांनीही ते आवडीने उचलले आहे.

पण दारिद्र्याची ही कथा पुढे वाचत गेले की तीच स्वतःला उलटे उत्तर देते. त्या काळी आरमारात शिरण्यासाठी कोणाची तरी शिफारस, म्हणजे नामनियुक्ती, लागे. कफल्लक फिशरला ती कोणी दिली? ॲडमिरल सर विल्यम पार्कर यांनी, नेल्सनच्या कप्तानांपैकी हयात असलेल्या शेवटच्या माणसाने. आणि पार्करपर्यंत शब्द कोणी पोचवला? फिशरच्या धर्ममातेने. ती होती सिलोनच्या एका माजी गव्हर्नराची पत्नी. फिशरच्या खिशात पैसा नव्हता हे खरे. पण गव्हर्नराच्या घरचा शब्द आणि नेल्सनच्या कप्तानाची सही त्याच्याजवळ होती. ज्याला तो निराधारपणा म्हणतो, तो एका विशिष्ट वर्गाच्या आतला निराधारपणा आहे. पोर्ट्समथच्या गोदीतल्या लोहाराच्या मुलाला असा निराधारपणा मिळाला असता, तर तो नशीबवान ठरला असता.

याचा अर्थ फिशरचे कर्तृत्व खोटे, असा नाही. तोफा, टॉर्पेडो, पाणबुडी, तेल-इंधन यांचे महत्त्व ओळखणारा त्याच्यासारखा माणूस त्या आरमारात विरळा. खलाशांच्या जेवणाकडे लक्ष देणारे वरिष्ठही थोडेच होते, आणि फिशर त्यांच्यापैकी होता. प्रश्न त्याच्या गुणाचा नाही. गुण असलेल्या दुसऱ्या किती जणांना दारातूनच परत जावे लागले, हा आहे.

फिशरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १९०४ साली तो फर्स्ट सी लॉर्ड झाला आणि त्याने जुनी जहाजे भंगारात काढायला, जुन्या रीती मोडायला सुरुवात केली. त्याच्या विरोधकांना त्याच्या युक्तिवादाशी लढणे जड जाऊ लागले, तेव्हा त्यांनी त्याच्या रक्तावर बोट ठेवले. त्याचा चेहरा रुंद, वर्ण पिवळसर, जन्म सिलोनचा. तेवढ्यावरून त्याला ‘आशियाई’ म्हणून हिणवले गेले. त्याची आई सिंहली राजकन्या होती, अशी दंतकथा पसरली. विचाराला उत्तर नसले की जन्म काढायचा, ही रीत आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

फिशरने याला काय उत्तर दिले? त्याने ती दंतकथा हसण्यावारी नेली आणि लगोलग आपल्या इंग्रज पूर्वजांची माहिती दिली. आई सिंहली असती तर काय बिघडले असते, हा प्रश्न त्याला सुचला नाही. जहाजाच्या बांधणीत क्रांती करणारा हा माणूस जन्माच्या प्रश्नापाशी येताच वंशावळ बाहेर काढतो. त्याच्या बंडाची मर्यादा येथे उघडी पडते.

२

आता शिडीच्या पहिल्या पायरीकडे वळू. १८६३ पासून डार्टमथच्या खाडीत नांगरलेल्या ‘ब्रिटानिया’ जहाजावर आणि १९०५ नंतर किनाऱ्यावरच्या कॉलेजात बारा-तेरा वर्षांची मुले अधिकारी होण्यासाठी घेतली जात. वर्षाची फी ७५ पौंड. पुढे मुलगा मिडशिपमन होऊन जहाजावर गेला, तरी बापाने वर्षाला ५० पौंड खर्चाला पाठवावे, असा नियमच होता. त्याच काळात पूर्ण वाढीच्या, कुशल खलाशाचा, म्हणजे एबल सीमनचा, मूळ पगार दिवसाला एक शिलिंग सात पेन्स होता. वर्षाचे सुमारे २९ पौंड. म्हणजे ज्या आरमारात बाप शिडाचे दोर ओढीत होता, त्याच आरमारात मुलाला अधिकारी करायचे तर बापाचा अडीच वर्षांचा पगार एका वर्षाच्या फीला पुरता. कायद्याने दार कोणालाही बंद नव्हते. उंबरठा मात्र इतका उंच बांधला होता की दार बंद करण्याची गरजच पडू नये.

फिशरने हे ओळखले होते, हे त्याच्या श्रेयाचे. इतक्या लहान वर्गातून आपण नेल्सन शोधतो आहोत हा मूर्खपणा आहे, फी रद्द करावी, असे त्याने लिहून ठेवले. पण ती त्याच्या हयातीत रद्द झाली नाही. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत वाट पाहावी लागली.

फी ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी नोकरीत शिरल्यावर लागे. जहाज नसलेल्या अधिकाऱ्याला अर्ध्या पगारावर घरी बसावे लागे. ज्याच्या घरी मिळकत आहे त्याला ही सुट्टी, ज्याच्या घरी नाही त्याला ही उपासमार. पर्सी स्कॉटने आपल्या पुस्तकात तिसरी चाळणीही सांगितली आहे. जहाजाचा रंग आणि पितळेची चकाकी यांवर बढती अवलंबून असे आणि सरकारी रंग पुरत नसे. तेव्हा अधिकारी आपल्या खिशातून रंग विकत घेत. म्हणजे पद विकत मिळत नव्हते, रंग विकत मिळत होता, आणि रंगावर पद मिळत होते!

हाच स्कॉट तोफांच्या नेमबाजीचा जादूगार मानला जातो. १८९९ साली त्याच्या ‘सिला’ या जहाजाने सत्तर फैरींपैकी छप्पन्न अचूक लावल्या, तेव्हा आरमाराचा विश्वास बसेना. १९०७ साली जर्मन कैसरच्या भेटीसाठी ताफ्याला रंगरंगोटीचा हुकूम सुटला. त्याच्या हाताखालचे एक जहाज तेव्हा नेमबाजीचा सराव करीत होते. स्कॉटने त्याला उपरोधाने कळवले की सध्या नेमबाजीपेक्षा रंगाला मागणी जास्त दिसते, तेव्हा परत या आणि नटून घ्या. ताफ्याचा प्रमुख बेरेसफर्ड होता. त्याने स्कॉटची सर्वांदेखत खरडपट्टी काढली. बेरेसफर्ड हा मार्क्विसचा मुलगा, पार्लमेंटचा सभासद, राजवाड्यात आणि वर्तमानपत्रांत सारखाच वावरणारा. त्याच्या आठवणी खेळकर आहेत, वाचनीय आहेत. त्यांत शिकार आहे, घोडे आहेत, गमती आहेत. जगण्याची भीती कोठेही नाही. ज्याला पडण्याचे भय नाही, त्याच्या धैर्याचे मोल कसे करायचे, हा साहित्यविचाराचा प्रश्न आहे.

डेव्हिड बीटीचे उदाहरण याहून बोलके आहे. नाईलच्या मोहिमेत आणि चीनमध्ये त्याने खरोखर शौर्य गाजवले. एकोणतिसाव्या वर्षी तो कॅप्टन झाला. १९०१ साली त्याने शिकागोच्या मार्शल फील्ड या कोट्यधीश व्यापाऱ्याच्या मुलीशी लग्न केले. रिअर ॲडमिरल होण्याइतकी समुद्रसेवा त्याच्या खात्यावर नव्हती. तरी खास आदेश काढून १९१० साली, अडतिसाव्या वर्षी, त्याला ते पद दिले गेले. त्यानंतर देऊ केलेली अटलांटिक ताफ्यातली जागा त्याने नाकारली आणि तो घरी बसला. १९१२ साली चर्चिलने त्याला आपला नौदल-सचिव म्हणून घेतले आणि तेथून त्याची कमान पुन्हा चढली. चरित्रकार या नकाराला बाणेदारपणा म्हणतात. पण नकार देणे ही चैन आहे. अर्ध्या पगारावर घर चालवणाऱ्या अधिकाऱ्याने असा नकार दिला असता, तर त्याचे नाव आज कोणाला ठाऊक असते?

३

आतापर्यंत आपण डेकवर होतो. आता खाली उतरू.

‘ड्रेडनॉट’वर अठरा बॉयलर होते आणि सुमारे २,९०० टन कोळसा मावे. तो कोळसा भट्टीत फावड्याने माणूस टाकीत असे. इंग्रजीत त्याला स्टोकर म्हणत. मुंबई बंदराच्या आगबोटींवर त्याला ‘आगवाला’ म्हणत, आणि तो शब्द अधिक खरा आहे. या आगवाल्यांच्या वर इंजिनाचे कारागीर आणि त्यांच्यावर अभियंता अधिकारी. वाफेचे युग सुरू झाले तेव्हा जहाजाचा प्राण डोलकाठीवरून भट्टीत उतरला. न्यायाने प्रतिष्ठाही भट्टीत उतरायला हवी होती. ती उतरली नाही.

उलट जी कला निरुपयोगी झाली तिचाच मान वाढला. १८८१ साली ‘इन्फ्लेक्सिबल’ ही प्रचंड युद्धनौका सेवेत आली. चोवीस इंच जाडीचे चिलखत, सोळा इंची तोफा, विजेचे दिवे. आणि या राक्षसाला डोलकाठ्या व शिडेही होती! शिडांनी ते धूड हलणे शक्य नव्हते. पण ताफ्यात शिडे चढवण्या-उतरवण्याच्या शर्यती होत, त्यांत भाग घेता यावा म्हणून ती बसवलेली. फिशर तिचा पहिला कप्तान होता आणि या प्रकाराची त्याने पुरेपूर थट्टा केली आहे. कोणते कौशल्य श्रेष्ठ, हे उपयोगावरून ठरत नाही. ते कौशल्य कोणाच्या हातात आहे, यावरून ठरते. शीड ‘जेंटलमन’च्या हुकमात होते, म्हणून ते उदात्त. इंजिनाला वंगण लागते आणि हात काळे होतात, म्हणून ते हलके.

हा भेद गणवेशावरही शिवलेला होता. युद्धशाखेच्या अधिकाऱ्याच्या बाहीवर सोनेरी पट्टीला एक वेटोळे असे. अभियंत्याच्या पट्टीला वेटोळे नसे आणि पट्ट्यांच्या मधे जांभळे कापड असे, म्हणजे लांबूनच ओळखता यावे. डॉक्टराचे लाल, हिशेबनिसाचे पांढरे. जहाज अभियंत्यावाचून एक हातभर पुढे सरकत नसे. पण जहाजाची आज्ञा त्याच्याकडे कधीही जाणार नाही, हे तो नोकरीला लागला त्या दिवशीच ठरलेले असे.

या तळघरातल्या मृत्यूंना आत्मचरित्रांत फारशी जागा नाही. १४ जुलै १८७६ रोजी ‘थंडरर’ या युद्धनौकेचा बॉयलर फुटला. वाफ कोंडली गेली होती, सुरक्षा-झडपा गंजून अडकल्या होत्या, दाबमापक बिघडलेला होता. ४५ माणसे भाजून मेली. शत्रू कोठेही नव्हता. जेफ्री पेन यांच्या ‘अप फनेल, डाउन स्क्रू’ या १९५५ सालच्या पुस्तकात आरमारी अभियंत्यांचा इतिहास सांगितला आहे. पहिली वाफेची जहाजे समुद्रात उतरून तोवर शतकाहून अधिक काळ लोटला होता.

४

अभियंत्यांचा असंतोष वाढला तेव्हा १९०२ साली एक मोठी सुधारणा जाहीर झाली. सेल्बर्न योजना म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि तिच्यामागे मेंदू फिशरचा होता. यापुढे युद्धशाखा, अभियंता आणि मरीन या तिन्हींसाठी मुले एकाच दारातून घ्यायची, एकत्र शिकवायची, आणि शाखा नंतर निवडायची. जुन्या अधिकाऱ्यांनी थयथयाट केला. पुरोगामी इतिहासकारांनी या योजनेचे कौतुक केले आहे. आर्थर मार्डर यांच्या १९६१ ते १९७० या काळात निघालेल्या पाच खंडी इतिहासाला फिशरचे केवढे आकर्षण होते, हे त्याच्या वाचकांना ठाऊक आहे.

पण ही योजना नीट वाचावी. एकच दार म्हणजे कोणते दार? ७५ पौंडांचे. आतापर्यंत अभियंते येत ते गोदीतल्या कारागिरांच्या, मध्यमवर्गातल्या खालच्या थरांच्या घरांतून. कीहॅमचे अभियांत्रिकी कॉलेज हा त्यांचा मार्ग होता. नव्या योजनेत तो मार्ग बंद झाला. जे जुने अभियंते सेवेत होते त्यांना नव्या पदव्या मिळाल्या, युद्धशाखेचा दर्जा मिळाला नाही. म्हणजे इंजिनाच्या कामाला प्रतिष्ठा द्यायची ठरली आणि त्यासाठी काम करणारा माणूस बदलण्यात आला. कारागिराच्या मुलाला वर घेतले नाही. जेंटलमनच्या मुलाला खाली उतरवून काम पावन करून घेतले. हलक्या मानलेल्या श्रमाला मान मिळतो तो बहुतेक वेळा अशा रीतीने : श्रम वर जातो, श्रमिक मागे राहतो.

आणि तो मानही टिकला नाही. महायुद्धाच्या गरजेत, १९१५ साली, अभियंत्यांच्या बाहीवर ते वेटोळे आले. १९२५ साली नवा आदेश निघाला, शाखा पुन्हा वेगळ्या केल्या गेल्या, अभियंत्यांचा लष्करी दर्जा काढून घेतला आणि जांभळे कापड परत आले. अभियंते आजही या घटनेला ‘मोठा विश्वासघात’ म्हणतात. तो दुरुस्त व्हायला १९५६ साल उजाडले. ज्यांनी बाहीवर जांभळी पट्टी वागवली त्यांनाच ती परत शिवून घेताना काय वाटले असेल ते ठाऊक. ॲडमिरलांच्या आठवणींत ही गोष्ट एखाद्या प्रशासकीय तपशिलासारखी येते.

५

आता एका अधिकाऱ्याची कारकीर्द दोन तारखांमध्ये पाहू. ४ नोव्हेंबर १९०६. पोर्ट्समथच्या बराकीत पावसामुळे आगवाल्यांची रांग व्यायामशाळेत घेतली होती. लेफ्टनंट बर्नार्ड कोलार्डने त्यांना गुडघ्यावर बसण्याचा हुकूम दिला. तोफेच्या कवायतीत असा हुकूम असे. पण कवायत चालू नव्हती. आगवाल्यांना तो अपमान वाटला आणि त्यांनी नकार दिला. त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री दंगल झाली. एका आगवाल्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, ती पुढे तीन वर्षांवर आणली. कोलार्डवरही खटला चालला. आधीच्या वर्षीच्या अशाच एका प्रकारात तो दोषी ठरला, आणि त्याला ताकीद मिळाली. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे ताकीद.

यानंतर कोलार्ड चढत गेला. कमांडर, कॅप्टन, पदके, आणि रिअर ॲडमिरल. १९२८ साली माल्टा येथे त्याचे निशाण ‘रॉयल ओक’ या युद्धनौकेवर होते. जहाजावरच्या नाचाच्या कार्यक्रमात बँड मनासारखा वाजला नाही, म्हणून त्याने बँडमास्तराला पाहुण्यांदेखत शिवीगाळ केली. जहाजाचा कॅप्टन ड्यूअर आणि कमांडर डॅनियल यांनी लेखी तक्रार केली. परिणाम काय? जिब्राल्टरला खटला भरला तो ड्यूअर आणि डॅनियल यांच्यावर, आणि दोघेही दोषी ठरले. कोलार्डला निवृत्त करण्यात आले. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाची करमणूक केली.

बावीस वर्षांच्या अंतराने त्याच माणसाकडून तीच वागणूक. दरम्यान त्याला कोणी अडवले नाही, कारण आगवाल्याचा अपमान हा कारकिर्दीतला दोष मानलाच जात नव्हता. अधिकाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा प्रकरण जगभर गाजले. आगवाल्यांनी तक्रार केली तेव्हा तिला दंगल हे नाव मिळाले. ड्यूअरचे पुस्तक या सगळ्या आत्मचरित्रांत मला मोलाचे वाटते ते यामुळे. फटका खाल्लेला माणूस लिहितो तेव्हा यंत्राचे दाते दिसू लागतात. आरमारी शिक्षण बुद्धीला कसे गोठवते, हे त्याने नेमके दाखवले आहे. मात्र तोही डेकच्या फळीखाली फारसा डोकावत नाही.

या गोठलेल्या बुद्धीची किंमत आरमाराने स्वतःही मोजली. २२ जून १८९३ रोजी सीरियाच्या किनाऱ्यावर ॲडमिरल ट्रायनने दोन रांगांतील जहाजांना एकमेकींकडे तोंड करून वळण्याचा हुकूम दिला. अंतर अपुरे आहे, हे अनेकांना दिसत होते. दुसऱ्या रांगेचा प्रमुख मार्कहॅम घुटमळला. ट्रायनने संदेश पाठवून हटकले तेव्हा त्याने हुकूम पाळला. ‘कॅम्परडाउन’ने ‘व्हिक्टोरिया’ला फोडले आणि ३५८ माणसे बुडाली. इंजिनाजवळचे लोक हुकमाची वाट पाहत जागेवरच राहिले. अँड्र्यू गॉर्डन यांनी १९९६ सालच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’ या ग्रंथात हा धागा जटलंडपर्यंत नेऊन दाखवला आहे. वरून संदेश आल्यावाचून न वळण्याची सवय लागलेले अधिकारी ३१ मे १९१६ रोजी शत्रूच्या तोंडावरही संदेशाची वाट पाहत राहिले. त्या लढाईत सहा हजारांहून अधिक ब्रिटिश मेले. गॉर्डन आज्ञाधारकपणाची चिकित्सा उत्तम करतात. पण ती अधिकाऱ्याने अधिकाऱ्याच्या पाळलेल्या आज्ञेची चिकित्सा आहे. ज्याने आयुष्यभर फक्त आज्ञाच पाळायची, त्याच्या बुद्धीचे काय झाले, हा प्रश्न तेथेही उरतो.

६

खालून लिहिणारे कोणीच नव्हते काय? होते. लायोनेल येक्सली या टोपणनावाने लिहिणारा माजी खलाशी १९०५ पासून ‘द फ्लीट’ हे नियतकालिक चालवीत होता. १९०८ साली त्याने ‘द इनर लाइफ ऑफ द नेव्ही’ लिहिले. खलाशी काय खातो, कोठे झोपतो, गणवेशाला किती पैसे पडतात, शिक्षा कशा होतात, हे त्यात आहे. ॲडमिरलच्या पुस्तकात ‘जहाज’ हा शब्द येतो तेथे येक्सलीच्या पुस्तकात माणसे येतात. त्याच्यासारख्यांच्या चळवळीनंतर १९१२ साली निवडक खलाशांना अधिकारपद देण्याची ‘मेट’ योजना आली. अँथनी क्यारू यांचा खालच्या डेकवरील अभ्यास १९८१ सालचा. १९३१ साली इन्व्हरगॉर्डनला खलाशांनी काम का थांबवले, हे तो नीट समजावतो. सरकारने जुन्या दराच्या खलाशाचा पगार दिवसाला चार शिलिंगांवरून तीनवर आणला होता, म्हणजे चौथा हिस्सा कापला होता. अधिकाऱ्यांची कपात प्रमाणाने पुष्कळ कमी होती.

खालून वर गेलेला एकच माणूस आत्मचरित्रकारांना मिरवायला मिळतो : टॉमस लाइन. साधा पोऱ्या म्हणून भरती झाला, बोअर युद्धाच्या वेळच्या कामगिरीबद्दल १९०२ साली लेफ्टनंट झाला, १९३१ साली रिअर ॲडमिरल. त्याने आपली हकीकत १९४० साली लिहिली. ती कामगिरी कोणती? दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी त्याच्या टॉर्पेडो-नौकेचे यंत्र मोडले आणि त्याने शिडे उभारून ती बंदरात आणली. वाफेच्या युगात खालच्या डेकवरच्या माणसाला वर घेतले ते शिडाच्या कौशल्याबद्दल! त्याच नौकेचे यंत्र वर्षानुवर्षे न मोडू देणाऱ्याला कोणी वर घेतले नसते. लाइनचा मान राखूनही म्हणावे लागेल की एका माणसाचे नाव पुढे करून दार उघडे असल्याचे सिद्ध होत नाही. इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकीच नावे पुढे करता येतात, यावरून दार किती अरुंद होते तेच सिद्ध होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. इंग्लंडमधला वर्ग म्हणजे आपल्याकडची जात नव्हे. आगवाल्याच्या नातवाने पैसा मिळवला तर त्याचा मुलगा डार्टमथला जाऊ शकत होता. पैशाने जन्म पुसला जातो अशी सोय आपल्याकडे नाही. साम्य आहे ते एवढेच : दोन्हीकडे संधीची वाटणी आधी होते आणि गुणवत्तेची चर्चा नंतर. वाटणी लपवण्यासाठी ती चर्चा कामाला येते.

आणि हे आरमार आपल्यापासून दूर नव्हते. मुंबईच्या बंदरात त्याचीच प्रतिकृती उभी होती. रॉयल इंडियन मरीनमध्ये पहिला भारतीय अधिकारी १९२८ साली घेतला गेला. तो अभियंता शाखेत होता. आधी उघडले ते खालचे दार. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या तळावर खलाशांनी संप केला. त्यांची पहिली गाऱ्हाणी होती निकृष्ट जेवण आणि कमांडरच्या तोंडची शिवी. पोर्ट्समथच्या व्यायामशाळेतला गुडघा आणि ‘तलवार’वरची शिवी यांच्यात चाळीस वर्षे आणि दोन समुद्र आहेत, पण शिस्तीचे पुस्तक एकच आहे. फरक इतकाच की मुंबईत त्या शिवीत रंगाचा आणि गुलामीचा विषारी भाग मिसळलेला होता, आणि गिरणी कामगार रस्त्यावर आले.

ही आत्मचरित्रे वाचू नयेत असे मला म्हणायचे नाही. ती जरूर वाचावीत, विद्यार्थ्यांनी तर मुद्दाम वाचावीत. फिशरची धडाडी, स्कॉटची जिद्द, ड्यूअरचा सडेतोडपणा यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण प्रत्येक पानावर विचारावे : या क्षणी भट्टीत कोण आहे? जहाज चालू आहे याचा अर्थ कोणीतरी कोळसा टाकतो आहे. लेखकाला तो दिसत नसेल तर तो लेखकाच्या नजरेचा दोष आहे, आगवाल्याच्या कर्तृत्वाचा नव्हे. कर्तृत्वाचा इतिहास लिहायचा असेल तर तो डोलकाठीवरून खाली लिहून चालणार नाही. भट्टीपासून वर लिहावा लागेल. इंग्रजांनी तो उशिरा लिहायला घेतला. आपल्याकडच्या कारखान्यांचा, रेल्वेचा, धरणांचा आणि गोद्यांचा असा इतिहास कोणी लिहायला घेतला आहे, हा प्रश्न त्यांची पुस्तके मिटताना आपल्यापुढे उभा राहिला पाहिजे.